बाप वेगळा

नर खजुराच्या फुलाला जो वास येतो तो चारचौघांत सांगण्यासारखा नाही. त्याच्या रानटी भावाचा तर त्याहून नाही. यंदा तो वास आमच्या फ्रीजमध्ये कोलंबीच्या डब्याशेजारी नांदला, आणि त्याला घरात आणणारा मीच.

अलिबागच्या आमच्या अंगणात आईचा खजूर आहे. तिच्या मैत्रिणीने, मुरुडच्या खालांनी, हजहून आणलेल्या खजुराची बी तिने रुजवली आणि झाड मादी निघालं. जवळपास नर नाही. त्यामुळे दरवर्षी फुलून तीन-तीन चिकटलेली बिनबियांची बोंडं धरायची आणि ती गळून जायची. दादाने घरात पाहुण्यांसाठी खोल्या काढल्यापासून त्याला झाड दिसतच नाही, पार्किंग दिसतं.

"यंदा तोंडात घालण्यासारखं एक फळ दाखव," तो मला म्हणाला, "नाहीतर गणपतीआधी करवत."

आईने खालांना फोन लावला. खालांच्या दिरांच्या अंगणात नर खजूर आहे. त्याचा पराग कागदाच्या पुडीत बांधून एसटीने आला. "थोडाच हाय गो," खाला म्हणाल्या, "पण नर जातिवंत हाय. फळ नरावर जातं, ध्यानात ठेव."

पुडी एका घडापुरतीच होती. इथे माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. खाडीच्या बांधावर शिंद्या आहेत, आणि शिंदी म्हणजे रानटी खजूरच. नर तो नर, असं म्हणून मी शिंदीचे फुलोरे कापून आणले. वाळत घालायला सूप शोधलं, तर हाताला लागलं ते जवळ्याचं. खाली सुक्या मासळीचा दर्प, वर तो वास, भोवती दमट हवा. एका सकाळी सुपाच्या कडेला केसाळ करडी बुरशी धरलेली. ती झटकून चांगलं तेवढं मी बरणीत भरलं आणि फ्रीजमध्ये ठेवलं.

"ते बाहेर काढा," बायको म्हणाली, "नाहीतर तुम्ही बाहेर झोपा."

शिडी लावून, काटे खात, खालांचा पराग मी एका घडात झटकला आणि त्यावर वहिनीच्या जुन्या परकराची पिशवी बांधली. बाकीच्या सगळ्या घडांत शिंदी. ते घड असे लगडले की मी दादाला रोज झाडाखाली उभा करायचो. "बघ," म्हणायचो, "बघ!"

फळं बोराएवढी झाली आणि तिथेच थांबली. आत थोराड बी, वर सालीइतका गर, तोही जीभ आखडून टाकणारा. पिकायलाही उशीर, तोवर पाऊस. घड झाडावरच आंबले. माश्या, वटवाघळं, ताडीच्या गुत्त्यामागे येते तशी घाण. तो चिकट रस पाहुण्यांच्या पांढऱ्या गाडीवर गळत राहिला. दादाने त्यातलंच एक तोंडात टाकलं आणि माझ्या पायाशी थुंकलं.

"ह्याला फळ म्हणतोस? थू! उद्याच बोलावतो करवतवाल्याला."

आई आतून ताटली घेऊन आली. परकरातला घड तिने पावसाआधीच वहिनीकडून उतरवून फ्रीजमध्ये ठेवला होता. पिवळी, अंगठ्याहून जाड, कुरकुरीत फळं. दादाने एक खाल्लं. मग दुसरं.

"कुठून आणलीस?"

"ह्याच झाडाची. बाप वेगळा."

दादाने तिसरं उचललं. "राहू दे मग करवत. पण ह्याला त्या बांधावर पुन्हा पाठवू नकोस."

सडलेले घड उतरवणं आणि गाडी धुणं अर्थातच माझ्याकडे आलं. कोपरापर्यंत हात त्या लगद्यात, बोटांवर पांढऱ्या अळ्या वळवळताहेत, नाक कुठे लपवावं कळत नाही. आणि वर गॅलरीत दादा खालांच्या नराची फळं खात बसलेला. त्याने थुंकलेल्या बिया टपटप माझ्या बादलीशेजारी पडत होत्या. नाजूक, सडपातळ बिया. बादलीतल्या माझ्या बिया त्यांच्यापुढे दगडासारख्या दिसत होत्या.