वरून बत्ता वाजला की

पंख्यात धूळ साचते ना, तसे किस्से साचतात. रोज दिसत नाहीत, पण एक दिवस उघडून बघावं तर ही एवढी गादी!

माझं आणि विन्याचं, म्हणजे माझ्या मावसभावाचं, माण गावात कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. जवळच्या आयटी कंपन्यांतली पोरं मशीन घेऊन येतात, "ताई, आत हेलिकॉप्टर उडतंय, काहीतरी करा." मग आम्ही धूळ काढायची, पंखे बदलायचे, पुढून गार हवा आत आणि मागून गरम बाहेर जाईल असं बसवायचं, आणि मशीन फुल लोडवर चालवून ऐकायचं. म्हणजे आवाज कमी करायच्या दुकानात दिवसभर आवाज!

दुकान म्हणजे आमच्या घरमालकांचा, तात्यांचा जुना गोठा. वर तात्या आणि काकू. खोली देतानाच काकूंनी अट घातली होती, "दुपारी मला झोप लागली पायजे. न्हाई लागली तर खोली खाली!" खाली भर्र झालं की त्या खलबत्त्यातला बत्ता फरशीवर आपटायच्या. ठक-ठक, जरा थांबून ठक! तो शेवटचा ठक म्हणजे सामान बांधा. या रस्त्यावर दुसरी खोली आम्हाला परवडणारी नव्हती. बत्ता वाजला की माझी मान वर आणि हात बटणावर जायचा.

*

पहिला घोळ दुकानावरच्या बोर्डाचा. मजकूर दिला होता, 'कम्प्युटरच्या पंख्याचा आवाज कमी करून मिळेल'. पेंटरनं 'कम्प्युटरच्या' इतकं बारीक काढलं की रस्त्यावरून दिसायचंच नाही. लोक छताचे पंखे खांद्यावर टाकून येऊ लागले! प्रत्येकाला समजावून माझं डोकं उठलं. त्यात एक बाई रिकाम्या हातानं आली.

"नवऱ्याचा आवाज व्हईल का कमी?"

"नवऱ्याचे पार्ट मिळत नाहीत, बाई!" मी किंचाळलेच.

वरून काकूंचा आवाज, "आदी तुझा कमी कर गं, भवाने!"

*

मग माले गावचे एक दादा. त्यांचं मशीन लई तापतं म्हणून आणलं. उघडून बघतो तर आत गंज आणि ओल.

"पाणी कुठून गेलं हो आत?"

"पानी? छ्या! आमी नुसतं ओलं पोतं गुंडाळलं व्हतं. माठाला गुंडाळतो तसं."

विन्यानं कपाळाला हात लावला. "अहो, हवा कुठून जाणार मग? आणि चालू मशीनला ओलं पोतं? शॉक नाही बसला?"

"बसला की! म्हनून तर तुमच्याकडं आनलं."

*

आमचं एक जुनं टेस्टिंगचं मशीन होतं. एवढ्याशा पंख्यांचं, आणि आवाज असा की बोललेलं ऐकू येऊ नये. काकूंनी त्याचं नाव ठेवलं होतं 'गिरण'. दसऱ्याला विन्यानं पूजा केली, तीही गिरण चालू ठेवून! पुढच्या जाळीवर मूठभर हळद वाहिली. पुढचा पंखा हवा आत ओढतो हे आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगणारा माणूस हा! हळद पुढून आत आणि मागून भस्सकन बाहेर. मागे एक गिऱ्हाईक उभं होतं, पांढऱ्या शर्टात.

काकू प्रसादाला खाली आल्या होत्या. त्या पोराकडं बघून म्हणाल्या, "हळद तर लागली. आता पोरगी बघाया पायजे!"

ते पोरगं लाजत म्हणालं, "काकू, खरंच बघा ना."

काकूंनी खरंच बघितली. नांदे गावची. लग्नात आम्ही पोटभर जेवलो.

*

एकदा मात्र हद्द झाली. अर्जंट काम आलं, आणि दुपारभर आमची भर्र चालू. बत्ता वाजून वाजून थकला, मग काकू स्वतः खाली आल्या. "बास! म्हयन्याच्या आत खोली खाली करा."

आम्ही हादरलो. मोठ्या पात्यांचे, सावकाश फिरणारे पंखे आणले, प्रत्येक मशीनखाली रबराचे पॅड घातले, गिरण बंद करून फळीवर टाकली. दुसऱ्या दिवशी दुकानात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. दुपारी बघते तर काकू दारात!

"आता काय झालं, काकू?"

"काय न्हाई. कायच आवाज न्हाई म्हनून बघाया आले, पोरं जिती हायेत का."

खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही. बत्ताही वाजला नाही.

*

काकू गेल्या त्याला आता बरेच दिवस झाले. मी घरच्या माणसासारखी रडले, खोटं कशाला सांगू. अजूनही दुपार झाली की मान आपोआप वर जाते.

तात्या मुळात अबोल. परवा दुपारी मात्र ते जिना उतरून आले आणि दारात उभे राहिले. मागच्याच आठवड्यात एक मेडिकलवाला खोली बघून गेला होता. विन्या माझ्याकडं बघायला लागला. माझा हात आपोआप बटणावर गेला.

"तात्या, आवाज होतोय का आमचा?"

"व्हत न्हाई," तात्या म्हणाले. "त्येच म्हनतोय."

आम्हाला काही कळेना. त्यांनी दुकानभर नजर फिरवली.

"ती गिरण हाय का अजून?"

"आहे की. फळीवर."

"लाव."

विन्यानं गिरण खाली काढली आणि पंखे फुल सोडले. भर्र! मागून धूळ उडाली, त्यात थोडी पिवळी हळदही. तात्या जरा वेळ ऐकत राहिले. मग कठडा धरून एक-एक पायरी वर गेले.

"बंद करू?" विन्या ओरडला.

"थांब रे!"

आम्ही दोघं छताकडं बघत उभे होतो.

ठक-ठक.

जरा थांबून, ठक!