हातभर मार्जिन

आमची आत्या शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्टर. चाळीस थर कापडावर वाकून ती मशीन चालवायची, आणि मध्ये कोणी बोललं की तिचं पित्त खवळायचं. काजं करणारी मी तिची सख्खी भाची, पण मलाही सूट नव्हती.

अल्सरपायी तिचं अर्धं पोट काढावं लागलं. चार महिन्यांनी ती कामावर आली, तर वाकली की तोंडाशी कडूजहर पिवळं पाणी, पोटात आग. घरात सगळ्यांचं एकच निदान: पित्त झालंय. ॲसिडिटीच्या गोळ्यांची पाकिटं संपली, आत्या वाळत गेली, गुण शून्य. शेवटी मालक म्हणाला, "बाई, आता बसून बटणं लावा. टेबलावर नवा माणूस घेतलाय."

दुसऱ्याच दिवशी आत्याने आतोबांना आणि मला घेऊन मोठ्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. दुर्बिणीने तपासून त्या म्हणाल्या, "पित्तच आहे, पण तुम्ही समजता ते नाही. गोळ्या घेताय ॲसिडच्या, आणि हे आहे यकृतातलं पित्त. ऑपरेशनमध्ये पोटाचं खालचं दार गेलं, म्हणून ते आतड्यातून उलटं वर चढतंय."

म्हणजे घरभर वैद्य, आणि एका शब्दाने सगळ्यांना आठ महिने गंडवलं! मला स्वतःचाच राग आला.

औषधं बदलली, आग थोडी शमली. वाकणं मात्र जमेना. मग डॉक्टरीणबाईंनी दुसरं ऑपरेशन सुचवलं. पोट आणि आतड्याचा जोड सोडवायचा आणि मधली आतड्याची लांबी वाढवायची, म्हणजे पित्त पोटापर्यंत पोचत नाही.

"किती लांबी?" आत्याने विचारलं.

"हातभर तरी."

"मग पहिल्याच वेळी मार्जिन का नाही ठेवलं?"

"प्रत्येकाला लागत नाही हो."

"आम्ही तर प्रत्येक पोराच्या बाहीला ठेवतो. घाला कात्री."

आतोबांच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, पुन्हा फाडून घेणार?"

"फाडायचं नाही, उसवायचंय," आत्या म्हणाली आणि सही करून मोकळी झाली.

तीन महिन्यांनी ती कारखान्यात आली. टेबलाशी उभ्या असलेल्या नव्या माणसाच्या हातातला खडू तिने मागितलासुद्धा नाही, काढूनच घेतला. शिलाई मशिनी थांबल्या. मालक केबिनच्या दारात आला. ती वाकली, या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारली आणि तशीच वाकून राहिली. मी काजं सोडून तिच्याजवळ गेले.

"आत्या, कडू आलं का गं?"

"नाही गं." तिचे डोळे भरले होते. "रेघ बघतेय. सरळ आलीय."