यांच्या हनुवटीवरची रेघ

…सडा टाकून झाला होता, चुलीवर दूध होतं, आणि मी यांच्यासमोर आरसा धरून उभी होते. हे दाढी करत होते. माझं लक्ष दुधाकडे. महाराष्ट्र नवा नवा झाला तेव्हाची ही रोजचीच सकाळ. कालपासून तीच आठवून पाहतेय.

मंडळी, काल दुपारी माझ्या पुतण्याची मुलगी रेखा सुलतानपूरला आली. तांब्याच्या पत्र्यावर सुईनं चित्र कोरून ती कागदावर छापते. यांच्या एकुलत्या एका लहानशा फोटोवरून तिनं यांचा चेहरा केलाय. दाढीचे खुंटसुद्धा दिसतात, इतका हुबेहूब!

पण हनुवटीवर एक तिरपी रेघ आहे.

"आजी, आबाले इथं घावाची खूण होती, का फोटोचीच घडी हाय? नसन त घासून काढतो. वीसच प्रती छापीन, मंग पत्रा मोडून टाकीन, पुन्हा बदलता येनार नाही."

फोटो नेमका तिथंच दुमडलेला. मला सांगता येईना.

नणंदबाई म्हणाल्या, "होती ना वं वयनी! बैलानं शिंग मारलं होतं." चहा पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "नाही वं, ते त धाकल्या भावाले मारलं होतं."

उद्या सांगते म्हणून रेखाला पाठवून दिलं.

यांना जाऊन इतकी वर्षं झाली. चेहरा पाठ आहे असंच मी समजत होते. तुम्हाला तुमच्या माणसाचा चेहरा इतका बारकाईनं आठवतो का हो?

आज सकाळी रेखाला फोन करून म्हटलं, "रेघ काढून टाक." थोड्या वेळानं पुन्हा फोन केला आणि म्हटलं, "रेघ राहू दे."