पट्टीवाली आत्या

आमच्या वन्सं घरातल्या तरण्या पोरांच्या पाठीवरून कधी हात फिरवत नसत. सरळ छातीला कान लावत. मग ते आमच्या मारुंजी गावचा भर चौक असो की लग्नाचा मांडव. मिशा फुटलेला माझा बाळू मित्रांसमोर लाजून लाल व्हायचा. "आत्या, सोड की!" "गप उभा ऱ्हा. तुझ्या बापाचं कुनी ऐकलं न्हाई, तुझं मी ऐकनार."

वन्सं म्हणजे माझ्या मालकांची थोरली बहीण. दिली होती जवळच्या नांदे गावाला, पण निम्मा जीव माहेरी. माझे सासरे गेले, मग दीर, मग आमचे मालक. तिघंही छातीनं, आणि पन्नाशी कुणीच पाहिली नाही. मालक तर एकोणचाळिसाव्या वर्षी गेले. भाड्याच्या खोल्यांचं बांधकाम चालू होतं. वाळूच्या ढिगाला टेकून बसले ते उठलेच नाहीत.

आता माझी हुशारी ऐका. छातीचं दुखणं घराण्यात आहे म्हटलं तर पोरांना मुली कोण देणार? म्हणून मी गावभर सांगितलं, शिडीवरून पडले. ज्या माणसाला माळ्यावरची डाळ काढताना घेरी यायची, त्याला मेल्यावर मी शिडीवर चढवलं! आणि स्वतःला वर घराण्याची अब्रू राखणारी बाई समजत होते. तेव्हाची मी आज भेटले तर तिच्या दोन मुस्कटात देईन.

हिंजवडीत कंपन्या आल्या आणि आमच्या खोल्या कॉम्प्युटरवाल्या पोरांनी भरल्या. त्यातला एक लातूरचा, पंचविशीचा, दर वर्षी दवाखान्यात जाऊन छातीची पट्टी, ते ईसीजी म्हणतात ना, ती काढून आणायचा. रक्तही तपासायचा. वन्संनी त्याला ओट्यावर गाठला.

"का रं, काय झालंय तुला?"

"काही नाही आत्या. वडील चाळिशीत गेले, काकाही. डॉक्टर म्हणतात, हे रक्तातून येतं. म्हणून आधीच बघत राहायचं."

वन्सं माझ्याकडे वळल्या. "ऐकलं का, वैनी? शिडीतनं येत न्हाई म्हनं, रक्तातनं येतं." मी घाईघाईनं तांदूळ निवडायला घेतले.

त्याच महिन्यात बाळूची सुपारी ठरली होती. नेऱ्याची मुलगी, चांगलं घर. बैठक बसली, चहा झाला, सुपारी हातात आली, आणि वन्सं उभ्या राहिल्या. बायका बसत त्या बाजूला नाही, मधोमध.

"थांबा. ह्या पोराचा आज्जा, चुलता, बाप, तिगंबी छातीनं गेल्यात. त्याची तपासनी हूं द्या, मग फोडा."

मुलीचा मामा म्हणाला, "पर विहीनबाई तर म्हनल्या, शिडीवरनं पडले!"

सगळ्या माना माझ्याकडे फिरल्या. मी चहा बघते म्हणून आत पळाले. चहा तर केव्हाच पिऊन झाला होता.

सोयरीक मोडली. मी तळतळून म्हणाले, "वन्सं, माझ्या पोराचं वाटोळं केलंत."

"नवऱ्या धा मिळत्याल. पोरगं कुटनं आनशील?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळूला उपाशीपोटी, मनगट धरून त्यांनी दवाखान्यात नेलं. पट्टी ठीक निघाली. पण रक्तात चरबी इतकी की डॉक्टरांनी पुन्हा तपासायला लावलं. वय सत्तावीस, अंगावर मांस नाही, आणि रक्तात हे! रोजची गोळी लागली आणि तंबाखू सुटली.

वन्संना अक्षर येत नव्हतं. रक्ताचा कागद त्यांना मुका वाटायचा, पट्टीवरच्या रेघा मात्र त्या बोटानं वाचायच्या, कधीकधी उलट्या धरून. पण त्या पट्टीचा कागद मोठा लबाड. वर्षभर डब्यात ठेवला की रेघा फिक्या पडतात. वन्सं डबा उघडायच्या आणि ओरडायच्या, "बाळ्या, दत्त्या, पुसली रं! जावा, नवी काडा. रगात बी देऊन या." डॉक्टरांनी वर्षानं बोलावलंय हे पोरं विसरायची, आत्याचा डबा विसरत नव्हता. माझ्या धाकट्या लेकानं, दत्तानं, एकदा मित्राची पट्टी आणून दिली. वन्संनी पट्टीकडे पाहिलंच नाही, त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "कुनाची हाय?" दत्ता तसाच मोटारसायकलला किक मारून दवाखान्यात गेला.

बाळूसाठी पुढं जी स्थळं आली, त्यांच्यासमोर पत्रिकेआधी तपासणीची फाइल ठेवायचा हट्ट वन्संचा. तीन घरांनी चहा पिऊन पाय काढला. चौथ्या घरच्या मुलीनं फाइल मिटली आणि बाळूला विचारलं, "गोळ्या वेळेवर घेता का?" तीच आज माझी सून, आणि माझ्यापेक्षा शहाणी. अर्थात, त्याला फार लागत नाही.

मग एका पावसाळ्यात वन्संना दम लागायला लागला. जबडा ठणकायचा. "पित्त झालंय," म्हणत त्या आलं चघळायच्या, आणि आम्हीही आल्याचे तुकडे करून द्यायचो. बाप्यांच्या पट्ट्यांनी डबा भरला होता. तेच रक्त त्यांच्याही अंगात आहे हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्यांच्याही नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी, कपडे वाळत घालताना गेल्या.

तेराव्याला नांद्यात पंगत बसली. त्यांचे दीर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "पित्त डोक्यात गेलं." माझी चुलतसासू कानाशी लागली, "तू बी तेच सांग गं. बायकांत बी हाय म्हनल्यावर आपल्या पोरी कोन करून घेईल?"

मी भाताची परात खाली ठेवली. "छातीनं गेल्या," मी म्हणाले. पंगतीच्या शेवटच्या पानापर्यंत ऐकू जाईल असं. "माझे मालकही छातीनंच गेले. शिडीबिडी काही नव्हती, मी खोटं बोलले होते. ज्याला आमच्या पोरी नको असतील त्यानं न्याव्यात कशाला? पण पोरी आधी दवाखान्यात जातील." कुणी घास घेईना. चुलतसासूनं कपाळाला हात लावला. मी परात उचलली आणि भात वाढत पुढं गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला लेकीच्या सासरी, दारात उभी राहिले. "सुरेखा, काही खाल्लं नाहीस ना? चल, रक्त द्यायचंय."

ती गडबडली. दार ओढून घेत हळूच म्हणाली, "आई, हळू बोल की. सासूबाईंना कळलं तर?"

"रात्रीच फोनवर सांगितलंय त्यांना. खाली रिक्षात बसल्यात. त्यांना पण तपासून घ्यायचंय."