नानांनी निवडलेला शब्द

नंदुरबारच्या शाळेत मी शिक्षक म्हणून रुजू झालो त्या दिवशी मराठी शिकवणाऱ्या नानांनी माझे नाव-गाव विचारण्याआधीच विचारले, "तर्जुमा, उल्था, भाषांतर, अनुवाद. यांतला कोणता घेता?" माझ्यासारख्या मारवाडी दुकानदाराच्या मुलाला ही गिऱ्हाइकाची चौकशी वाटली. समोर दिसला तो, भाषांतर, मी उचलला. नाना हसले आणि माझी पहिली मधली सुट्टी त्यातच गेली.

तर्जुमा अरबीतून फारशीत आणि तिथून आपल्या कचेऱ्यांत आला, त्याला अजून दौतीचा वास येतो, असे ते म्हणत. उल्थ्यात उलथणे आहे. तव्यावरची भाकरी उलटावी तसा मजकूर उलटायचा, फक्त करपू द्यायचा नाही. भाषांतर म्हणजे दुसरी भाषा, एवढेच. नानांचा जीव अनुवादावर. एकाने बोललेले दुसऱ्याने मागाहून पुन्हा म्हणणे, हा त्याचा संस्कृतातला जुना अर्थ; परक्या भाषेशी त्याचा संबंध फार उशिरा जुळला. या एका शब्दापायी नेमलेला धडा कित्येकदा राहून जाई आणि हेडमास्तरांच्या कपाळाला आठ्या पडत. नानांना त्याचे सोयरसुतक नसे.

रनाळ्याच्या शेतकरी घरातले नाना उमेदीच्या काळात सातपुड्यातल्या शाळेवर होते, त्यामुळे तिथली पावरी बोली त्यांना चांगली येते. दवाखान्यात पुण्याकडचे नवे डॉक्टर आले होते. डोंगरातले कोणी आले की ते नानांना बोलावणे पाठवीत. एकदा मीही बरोबर गेलो. डोंगरातल्या काठी गावाकडची एक बाई तापलेली लेक कुशीत घेऊन बसली होती. पोरीच्या मांडीत पू झाला होता. डॉक्टर म्हणाले, चीर द्यावी लागेल, पोर इथेच ठेवावी लागेल. तरी वाचेलच असे सांगता येत नाही. आणि लगेच हळूच म्हणाले, शेवटचे तिला सांगू नका, पोर घेऊन निघून जाईल.

"तुम्ही बोललात, डॉक्टर. आता ते तिचे झाले," नाना म्हणाले. तिच्यासमोर जमिनीवर बसून त्यांनी सारे सांगितले. बाई काय म्हणते, असे डॉक्टरांनी विचारले.

"अजून काही बोललेली नाही. म्हणून मीही नाही."

मग ती नानांकडे पाहत काही पुटपुटली. नाना डॉक्टरांना म्हणाले, "पोर तुमची असती तर तुम्ही काय केले असते, असे विचारते." डॉक्टर खुर्चीवरून उठले, तिच्याजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, "ठेवली असती." नानांनी ते तिला सांगितले. तिने पोर डॉक्टरांच्या हाती दिली, आणि पोर वाचली.

त्या दिवशी परतताना मी विचारले, ती तुमच्याकडे पाहत होती, तुम्हीच का नाही उत्तर दिले? नानांचा एकुलता मुलगा लहानपणी आजारात गेला, एवढेच मला ऐकून माहीत होते. नाना वाटेत थांबले आणि घरच्या अहिराणीत म्हणाले,

"मन्हा पोऱ्याले मी घरच ठेवं व्हतं. तिना जवाबमा मन्हं दुःख कसाले घालू?"

इतक्या वर्षांत त्या मुलाविषयी नाना बोलले ते इतकेच.

आज नानांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. आम्हा साऱ्यांचा त्यांच्यावर फार जीव आहे, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. त्यांना उदंड आयुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो. इतरांचे बोलणे त्यांनी जन्मभर पोचवले. आता एखाद्या संध्याकाळी माझ्या ओट्यावर निवांत बसून त्यांनी मला त्या मुलाचे नाव सांगावे.