साहेबांपुढं ओतलेली रास

ज्वारीमुळे माझी नोकरी जाणार होती.

संस्थान विलीन झालं, शाळेतली उर्दू मागं पडली आणि झरीच्या पोरांना इंग्रजी शिकवायला मी हंगामी मास्तर म्हणून चिकटलो. (माझं इंग्रजी पोरांपेक्षा फक्त दोन पानं पुढं होतं!) कायम व्हायचं तर तपासणीच्या साहेबांसमोर एक पाठ द्यायचा. विषय आला, मोजता येणारी आणि न येणारी नामं.

पोरांना दाखवायला मी पेडगावाहून वडिलांकडून मूठभर ज्वारी मागवली. बापू बैलगाडीत पोतं आणि धान्य मापायची पायली घेऊनच हजर!

"बापू, मूठभर म्हणलो होतो!"

"लेकाच्या नोकरीचं काम अन् मूठभर? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!" त्यांनी पोतं वर्गातच ओतलं आणि भिंतीला टेकून बसले.

साहेब आले. मी घाम पुसत सुरू केलं, "आंबे मोजता येतात. एक आंबा, दोन आंबे. ज्वारी मात्र इंग्रजीत मोजत नाहीत."

बापू ताडकन उठले. "मोजत न्हाईत? मग आमी इतकी वर्सं खळ्यावर काय केलं रं?" पायली भरून रिकाम्या पोत्यात ओतत ओरडले, "लाभ!" (आमच्याकडं पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत.) "दोन! तीन!"

रास मोजताना कुणी बोललं की बरकत जाते, पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. भीतीनं मी नेमकं हेच विसरलो!

"बापू, साहेब बसलेत..."

अकरा पायल्या परत राशीत. "लाभ!"

हेडमास्तर कळवळले, "अहो, तास चाललाय!"

"लाभ!"

साहेब उठले. संपलं! मी मनानं पेडगावात औत हाकायलाही लागलो. पण साहेबांनी बूट काढले आणि मुकाट्यानं पोत्याचं तोंड धरून उभे राहिले! तेही शेतकऱ्याचंच पोर निघाले. मग चाळीस पोरं, हेडमास्तर, मी, सगळे श्वास रोखून. बाविसाव्या पायलीला मला शिंक आली. ती मी धोतराच्या सोग्यात कोंबली. डोळे बाहेर यायचे राहिले!

"पंचवीस!" आणि तासाची घंटा झाली.

साहेबांनी पोरांना विचारलं, "काय मोजलं रे? ज्वारी?"

"न्हाई जी, पायल्या!" सगळा वर्ग ओरडला.

साहेबांनी तिथंच शेरा लिहिला. तो कागद अजून माझ्या पेटीत आहे, बायकोला मात्र दाखवलेला नाही: "पाठ उत्तम. शिक्षक गप्प राहिल्यामुळे विषय मुलांना नीट समजला. कायम करावे."