पाहुण्यांच्या खोल्या, राऊतकाकांचं कार्ड

"मॅडम, पाहुणे नक्की कधी जाणार?"

राऊतकाकांनी काउंटरवर वाकून अगदी हळू विचारलं. चेहऱ्यावरचं हसू मात्र तसंच होतं, कारण ते पाहुणे मागे लॉबीतल्या सोफ्यावर कॉफी पीत बसले होते आणि अधूनमधून त्यांच्याकडे बघून हात हलवत होते.

हा प्रश्न मला सहसा कोणी विचारत नाही. ज्याने पाहुण्यांना स्वतः बोलावलं आणि त्यांच्यासाठी खोल्या घेतल्या, तो तर नाहीच.

मी वसईत हायवेजवळच्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिस मॅनेजर आहे. म्हणजे चेक-इन, चेक-आउट, बिलं आणि तक्रारी. राऊतकाकांची वसईतल्याच पापडी गावाजवळ केळी आणि फुलांची वाडी आहे. त्यांची मुलगी मानसी अंधेरीत नोकरी करते. तिथेच तिचं सांगलीच्या निखिल मानेशी जमलं. रविवारी साखरपुडा होता आणि माने मंडळी शुक्रवारीच येऊन दाखल झाली होती.

बुकिंग करतानाच काकांनी आम्हाला बजावलं होतं, पाहुण्यांकडे कार्ड मागायचं नाही. काय लागेल ते माझ्या कार्डावर घ्या, आमच्यात पाहुण्यांच्या खिशाला हात लावायची पद्धत नाही. आमच्या रिसेप्शनवरच्या मुलीने प्रत्येक खोलीमागे त्यांचं कार्ड मशिनला लावलं आणि काकांनी प्रत्येक वेळी छाती पुढे काढून पिन दाबला. हे डिपॉझिट आहे, परत मिळतं, असं तिने सांगितलं होतं. ते खरंही होतं. कधी मिळतं, हे ना तिने सांगितलं ना काकांनी विचारलं.

याला आम्ही प्री-ऑथ म्हणतो. पाहुण्याने खोलीत काही मोडलं, खाल्लं किंवा न सांगता निघून गेला तर आमची सोय असावी म्हणून त्याच्या खात्यातली काही रक्कम बँकेला अडवून ठेवायला सांगायची. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच. जागा आपली झालेली नसते, पण दुसऱ्या कोणाला बसताही येत नाही. क्रेडिट कार्ड असेल तर बँकेने दिलेल्या लिमिटमधला तुकडा अडतो, माणसाला पत्ताही लागत नाही. डेबिट कार्ड असेल तर स्वतःचे, घामाचे पैसे अडतात. काकांचं डेबिट कार्ड होतं.

त्यात माने मंडळींना वसई फार आवडली. शुक्रवारी संध्याकाळी काकांनी त्यांना भुजिंग खायला नेलं. चिकन आणि पोह्यांचा हा आमच्याकडचा प्रकार. निखिलच्या मामांनी त्याचं वर्णन फोनवर ऐकलं आणि रविवारी येणार होते ते शनिवारी सकाळीच कुटुंबासह आले. आणखी एक खोली, आणखी एक पिन. मग कोणीतरी म्हणालं, एवढ्या लांब आलोय तर किल्ला बघून सोमवारी जाऊ. काका "अहो, राहा की, घाई काय" म्हणाले आणि सगळ्या खोल्यांवर पुन्हा पिन दाबून मोकळे झाले. पाहुणे जितके खूश, तितकं काकांचं खातं रिकामं.

हे त्यांना कळलं ते सोन्याच्या शोरूममध्ये. काकांचा नेहमीचा सोनार पैसे न घेताही अंगठी देणारा माणूस, पण मानसीला डिझाइन शोरूममधलंच आवडलं होतं. शनिवारी दुपारी काका निखिलला आणि त्याच्या आईला घेऊन गेले. अंगठी निखिलच्या बोटात अगदी बरोबर बसली. मग कार्ड चाललं नाही. दुसऱ्यांदाही चाललं नाही. सेल्समनने सगळ्यांना ऐकू जाईल असं "बॅलन्स कमी आहे" म्हणून सांगितलं. काकांनी डिझाइन पुन्हा एकदा बघू म्हणत वेळ मारून नेली. निखिलने अंगठी काढून ट्रेमध्ये ठेवली. परत येताना गाडीत विहीणबाई एक शब्द बोलल्या नाहीत.

"त्यांना वाटलं असेल, हा माणूस नुसता बडेजाव करतोय," काका मला म्हणाले. "साखरपुड्याआधीच माझी पत गेली."

मी त्यांना बाजूला बसवलं, पाणी दिलं आणि रुमालाची गोष्ट सांगितली. ती त्यांना लगेच पटली.

"मग उचला तुमचा रुमाल," ते म्हणाले.

मी उचलला. सगळे होल्ड मशिनवर रद्द केले आणि तशा पावत्या त्यांच्या हातात दिल्या. काकांनी मोबाइलवर खातं बघितलं. होतं तेवढंच. कारण आम्ही सोडलं तरी बँकेच्या सिस्टिममध्ये ते दिसायला काही दिवस जातात. मी बँकेच्या कस्टमर केअरला फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकल्यावर एक मुलगा बोलला. हॉटेलच्या लेटरहेडवर अप्रूव्हल कोड लिहून ब्रँचला द्या, ब्रँच लवकर सोडवेल, असं त्याने अगदी गोड आवाजात सांगितलं. तो चौथा शनिवार होता. ब्रँच बंद होती.

मी आमच्या जनरल मॅनेजरांकडे, लोपीस सरांकडे गेले. सर इथलेच, मोजकं बोलणारे. त्यांनी आधी विचारलं की सगळ्या खोल्यांचा होल्ड एकाच डेबिट कार्डावर का घेतला. मी म्हटलं, हेड ऑफिसचा नियम आहे.

"नियम लिहिला तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर क्रेडिट कार्डवाला साहेब होता," सर म्हणाले. "मुलीचा बाप नव्हता."

यापुढे या ग्रुपवर एकही होल्ड नको आणि बिल बँकेने पैसे मोकळे केल्यावर घ्या, असं त्यांनी सही करून दिलं. पण अडकलेले पैसे त्यांच्या सहीने सुटणार नव्हते. काकांना मी कोणाकडून तरी उसने घ्या म्हणून सुचवलं. सगळे नातेवाईक उद्या मांडवात येणार, आज त्यांच्याकडे हात पसरू का, असं म्हणून ते तोंड पाडून घरी गेले.

थोड्या वेळाने विहीणबाई एकट्याच काउंटरवर आल्या. मानेकाकूंचं सांगलीत साड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक विकत घेणार की नुसतं घड्या मोडणार, हे दारातच ओळखणारी बाई. त्यांनी आडवळण घेतलं नाही.

"मॅडम, सांगा की. राऊत मंडळींची ओढाताण आहे का हो? आम्हाला सोनंनाणं नको, पण पोरीच्या बापाने कर्ज काढून आमचा थाट करायचा, हे मला चालायचं नाही."

आता पंचाईत झाली. एका ग्राहकाच्या खात्याबद्दल दुसऱ्याला सांगणं आमच्या धंद्यात बसत नाही. आणि गप्प बसले असते तर काकू मनात काय धरून सांगलीला गेल्या असत्या, कोण जाणे. मी जरा विचार केला आणि म्हटलं, काकू, मला कोणाच्या खात्याचं बोलता येणार नाही. पण हॉटेलची पद्धत सांगू शकते. ती भिंतीवरसुद्धा लावलेली आहे, फक्त कोणी वाचत नाही.

मग मी त्यांना प्री-ऑथ म्हणजे काय, एका खोलीला एका रात्रीचं किती अडकतं आणि सोडल्यावरही ते यायला किती वेळ लागतो, एवढं सांगितलं. राऊतकाकांचं नावही घेतलं नाही. काकू ऐकत होत्या आणि काउंटरवर बोट फिरवत होत्या. आधी खोल्या, मग रात्री, मग भावाची वाढीव खोली. हिशेब जमल्यावर बोट थांबलं.

"म्हणजे आमच्या पाहुणचारातच अंगठी अडकली म्हणायची," त्या म्हणाल्या.

त्यांना उत्तर नकोच होतं. मग त्या खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. सोमवारपर्यंत राहायचं त्यांनीच सुचवलं होतं, हे आठवून पुन्हा हसल्या. वर जाताना मला म्हणाल्या, "त्यांना मला कळलंय म्हणून सांगू नका. गडी मानी आहे."

त्यांनी काय केलं ते मला काकांकडूनच कळलं. संध्याकाळी काकांचा फोन आला, आवाजात एकदम तरतरी. निखिलला म्हणे शोरूमची अंगठी आवडलीच नव्हती, संकोचाने बोलला नाही. साखरपुड्याला तो त्याच्या आजोबांचीच अंगठी घालणार, मानसीने ती त्याच्या बोटात घालायची, आणि आपली अंगठी लग्नात, सावकाश निवडून. विहीणबाईंनी स्वतः फोन करून माफी मागितली होती, तुम्हाला उगाच शोरूमपर्यंत दमवलं म्हणून.

"माझी इज्जत वाचली, मॅडम," काका म्हणाले. "देवासारखा धावून आला मुलगा."

मी हो म्हटलं.

साखरपुडा छान झाला. सोमवारी माने मंडळी किल्ला बघून आणि सुकेळ्यांचे, म्हणजे इथल्या वाळवलेल्या केळ्यांचे, पुडे घेऊन गेली. लेटरहेडवरचं पत्र मी त्याच दिवशी ब्रँचला पोचवलं. पैसे सुटल्यावर काका बिल द्यायला आले. बिल भरलं, आम्हा सगळ्यांना पेढे दिले. मग जरा जवळ येऊन गंभीरपणे म्हणाले, जावई चांगला आहे, पण सोन्याच्या बाबतीत जरा चोखंदळ दिसतो. शोरूमवाल्याने तीच अंगठी बाजूला काढून ठेवायची तयारी दाखवली होती, पण काकांनी ती नको सांगितली. आता दुसरं डिझाइन शोधत होते आणि बजेट वाढवणार होते. मानेकाकूंनी केलेल्या उपकाराची एवढी किंमत त्यांना मोजावी लागणार होती. मी वचनात अडकले होते, म्हणून पेढा तोंडात टाकला.

आमच्याकडे आता डेबिट कार्ड पुढे आलं की रिसेप्शनवरची मुलगी आधी विचारते, इथे कशासाठी आलात. लोकांना वाटतं, किती आपुलकीने चौकशी करते. कोणी साखरपुडा किंवा लग्न म्हटलं की ती कार्ड परत देते आणि सांगते, आधी खरेदी उरका, मग या.